सहा फेब्रुवारीच्या पावत्या

कन्हेरीच्या दूध डेअरीवर कॉम्प्युटर आला आणि तो नागेशच्या हाती सोपवला गेला. बारामतीत क्लास केलेला गावात तो एकटाच. मशीनमधला सेल केव्हाच गेला होता. त्यामुळं रोज सकाळी ते एक जानेवारी ऐंशी दाखवायचं आणि नवी तारीख मागायचं. नागेश ती घालायचा, महिना आधी, मग दिवस. पाठोपाठ मनगटावर बघून वेळ घालायचा. मगच दुधाच्या पावत्या निघायच्या.

शहाण्णव साली सहा फेब्रुवारीला तो असाच पावत्या काढत होता आणि तिकडं घरी गोठ्यातल्या मोटरीचा शॉक बसून त्याची बायको सारजा गेली. निरोप आला तेव्हा तो उठला, चपला घातल्या आणि चालत घरी गेला. पळावं असं त्याला सुचलंच नाही. पुढंही रडू आलं नाही. ह्याला एकदा रडवा, असं बायका म्हणत राहिल्या.

तेरावं उरकल्यावर तो कामावर आला. मशीननं तारीख मागितली, त्यानं घातली. रांग सरकू लागली, प्रिंटर करकरत राहिला. माणसं पावती वाचायची, एकमेकांकडं बघायची आणि बाजूला व्हायची. शेवटी सेक्रेटरी आबाजीतात्या त्याच्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले. प्रत्येक पावतीवर सहा फेब्रुवारी होती.

"नागेश, तारीख बदल," ते हळू म्हणाले.

त्यानं प्रोग्राम बंद केला. काळ्या पडद्यावर ‘डेट’ची अक्षरं टाइप केली. मशीननं सहा फेब्रुवारी दाखवली आणि खाली नवी तारीख मागितली. नुसतं एंटर दाबलं तर आहे तीच राहते, हे त्याला ठाऊक होतं. बोट तिथंच होतं. आज कुठला दिवस, हे त्याला खरंच सांगता येईना.

रांगेत सारजाची आई द्वारकाबाई होती. लेकीच्या माघारी नागेशच्या घरी राहून म्हशीची धार तीच काढत होती. तिनं किटली खाली ठेवली.

"पाव्हणं, आज वीस हाय," ती म्हणाली. "वीस घाला."

त्यानं वीस घातली. मशीननं ती घेतली. सकाळच्या सगळ्या पावत्या त्यानं पुन्हा काढून दिल्या.

दुपारच्या एसटीनं द्वारकाबाई आपल्या गावी गेली. संध्याकाळी बादली गुडघ्यांत धरून नागेश म्हशीखाली बसला. म्हैस पान्हा सोडेना. तो उठलाही नाही. बऱ्याच वेळानं थोडं दूध आलं, तेवढंच घेऊन तो डेअरीकडं निघाला.