नागोजीनं बदललेली काच

दुर्गदबैलाच्या बाजारात माझ्या कापडाच्या दुकानासमोर नागोजी मिरजकराचं घड्याळाचं दुकान आहे. दुकान म्हणायचं आपलं. जिन्याखालची जागा ती. आत एक टेबल, एक स्टूल आणि नागोजी. गिऱ्हाइकानं रस्त्यातच उभं राहायचं आणि हातगाडी आली की अंग चोरायचं. इतकी वर्षं मी त्याला उजव्या डोळ्याला भिंग लावलेलं बघत आलोय, त्यामुळे भिंग काढलं की तो मला जरा अनोळखीच वाटतो.

नागोजीला एक वेड होतं. शिखरं चढणारे, बर्फात महिने काढणारे, होडीतून एकटेच समुद्रात निघणारे लोक आणि त्यांच्या मनगटावरची जुनी, चावीची घड्याळं. रद्दीतल्या मासिकांतून असले फोटो कापून तो भिंतीवर डकवायचा. माणूस कोण, शिखर कुठलं, याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. "मनगट बघा, पांडूअण्णा, मनगट!" मला म्हणायचा. बहुतेक फोटोंत हातमोजे असायचे, मग त्याचं डोकं फिरायचं. "एवढ्या वर जातात आणि घड्याळ झाकून फोटो काढतात. शहाणी माणसं हैत का ही?" स्वतः गडी मिरजेच्या पुढं कधी गेला नव्हता.

तोवर सेलची घड्याळं घरोघर आली होती. चावीचं घड्याळ घेऊन येणारा माणूस महिन्यातून एखादा. बाकी दिवसभर सेल बदला, पट्टा बदला. नागोजी कुरकुर करायचा नाही, पण सेलचं घड्याळ हातात घेतलं की त्याचा चेहरा जावयाच्या घरी जेवायला बसलेल्या सासऱ्यासारखा व्हायचा. नीट वागायचं, पण मन रमत नाही.

आणि १९९८ च्या श्रावणात धारवाडहून बाळाचार्य आले. सत्तरी ओलांडलेले, ताठ, धोतर आणि वर कोट. सर्व्हे खात्यातून निवृत्त झालेले. तरुणपणी हिमालयातल्या हिमनद्या मोजायला गेलेल्या पथकात होते, हे त्यांनी असं सांगितलं, जसं आपण शेजारच्या नवनगरला जाऊन आलो म्हणतो. रुमालाच्या पुरचुंडीतून एक स्विस घड्याळ काढलं. "त्या वेळी हेच होतं हातात. आता चालत नाही. चालू होतंय का बघ."

नागोजीनं दोन्ही हात शर्टाला पुसले आणि मगच ते घेतलं. मी समोरून बघत होतो. स्वतःच्या पोरीचं लग्न ठरलं तेव्हासुद्धा हा माणूस इतका खूश दिसला नव्हता.

पंधरा दिवस त्यानं त्या घड्याळावर घातले. चाक न् चाक धुतलं, तेल दिलं. तेवढ्यानं भागलं असतं. पण प्रेम उतू गेलं की माणूस शहाणपणा विसरतो. काचेवर बारापासून चारपर्यंत एक खोल ओरखडा होता. नागोजीनं ती काच काढली आणि ठेवणीतली नवी कोरी काच बसवली, आपल्यातर्फे भेट म्हणून. घड्याळाची डबीही घासून चकचकीत केली. मला दाखवलं तेव्हा मीही "वा!" म्हणालो. कबूल करतो.

आचार्य घ्यायला आले. घड्याळ टिकटिकत होतं. त्यांनी ते हातात घेतलं, अंगठा काचेवरून फिरवला आणि विचारलं, "रेघ कुठं गेली?"

"काढली की!" नागोजी हसत म्हणाला. "नवी काच घातली, आचार्य. माझ्याकडून."

आचार्य मटकन माझ्या दुकानाच्या पायरीवर बसले. मी पाणी दिलं. पाणी पिऊन त्यांनी सांगितलं. बर्फातल्या भेगेत त्यांचा पाय गेला होता. पेंबा नावाच्या शेर्प्यानं हातमोजा काढून त्यांचं मनगट पकडलं आणि दोर येईपर्यंत सोडलं नाही. ती रेघ त्याच्या अंगठीची. पुढच्याच वर्षी पेंबा दुसऱ्या पथकाबरोबर गेला आणि परत आला नाही. "त्याचा फोटो नाही माझ्याकडं," आचार्य म्हणाले. "तेवढी रेघच होती."

नागोजीला ते एक वाकडा शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. नागोजीच्या डोळ्यातलं भिंग टेबलावर पडलं आणि त्याला ते उचलायचंही सुचलं नाही.

"काच कुठाय?" मीच ओरडलो. मला राग आला होता, अर्धा स्वतःचाच.

इथं घड्याळजींची एक रीत सांगायला हवी. काढलेली काच ते फेकत नाहीत. चरे पडलेली असली तरी, ज्याची फुटली आहे आणि ज्याला नवी परवडत नाही, त्याला बसवून देतात. नागोजीनंही तेच केलं होतं. आठ दिवसांपूर्वी नारायण म्हणून एक शाळेचा शिपाई आला होता. त्याच्या एचएमटीला तीच काच बरोबर बसली आणि तो दुवा देत नवनगरला गेला.

"चला," हत्यारांची पिशवी, एक नवी काच आणि पट्टा घेत नागोजी म्हणाला. कामाच्या दिवशी त्याच्या दुकानाला कुलूप लावलेलं मी पहिल्यांदा बघितलं. आचार्यांना माझ्या गादीवर बसवलं, माझ्या पोरीला चहा करायला सांगितलं आणि मी स्कूटरला किक मारली. मागं बसून हा बाबा माझा खांदा इतका घट्ट धरून होता, की दुसऱ्या दिवशी बायकोनं तेल चोळून दिलं.

शाळा सापडली. नारायण घंटेखाली उभा होता. आम्ही काय आणि कसं विचारावं ठरवतोय, तोवर तोच तक्रार घेऊन पुढं आला. "बर्री, बर्री, या की, तुमचीच वाट बघत होतो! काय काच दिलासा हो मिरजकर? कुणी सांगितलं दंतमंजनानं घासलं की रेघ जाते. आठ दिवस झाले, रोज सकाळी दात घासून झालं की हे घासायलोय. माझे दात झिजले, पण ही जाईना!"

नागोजीनं त्याचं मनगट दोन्ही हातांनी धरलं आणि काचेकडं बघितलं. रेघ होती. बारापासून चारपर्यंत, जशीच्या तशी. तो माणूस तिथंच, शाळेच्या पटांगणात, पोरांच्या देखत ढसाढसा रडला. नारायण घाबरला. "असू दे, असू दे, राहू दे की मग," म्हणायला लागला. नागोजीनं तिथल्या तिथं बाकावर बसून ती काच काढून घेतली, त्याला नवी बसवून दिली, पट्टाही नवा घातला.

परत आलो तर आचार्य माझ्या पोरीला नकाशा कसा वाचायचा ते शिकवत होते. नागोजीनं काच बसवली. आचार्यांनी डोळे मिटून अंगठा फिरवला आणि रेघेवर थांबवला. मी उगाच एक ठाण उलगडून परत घडी घातली.

मग नागोजीनं धीर करून, इतकी वर्षं पोटात ठेवलेलं विचारलं. "आचार्य, तिथं वर, घड्याळ कसं चालायचं हो?"

"चालायचंच नाही!" आचार्य पहिल्यांदा हसले. "थंडीनं तेल गोठायचं. आम्ही पेंबाला विचारायचो. त्याला भूक लागली की बारा वाजले."

माझं हसू काही थांबेना. भिंतीवरच्या एवढ्या मनगटांची पार शोभा झाली! नागोजीनं कपाळावर हात मारला आणि तोही हसायला लागला.

घड्याळ दुरुस्त केलं, की मागच्या झाकणाच्या आतल्या अंगाला घड्याळजी आपलं नाव बारीक कोरतो, म्हणजे पुढच्याला कळतं कुणाचा हात लागलाय. नागोजीनं झाकण उघडलं, सुई घेतली, भिंग लावलं. कोरून झाल्यावर ते भिंग आचार्यांच्या हातात दिलं. आचार्यांनी वाचलं. झाकणावर 'पेंबा' लिहिलं होतं.

"आणि तुझं नाव?" त्यांनी विचारलं.

"माझं कशाला?" नागोजी म्हणाला. "मी तर पुसायलाच निघालो होतो."

आचार्यांनी सुई उचलली आणि त्याच्या हातात परत दिली. "शोधायला पण तूच गेलास की. कोर त्याच्या नावाखाली."