बिनदुधाच्या कांड्या आणि माझी शोभा

पनवेलच्या त्या बिल्डिंगमधून आम्ही सगळेच केव्हाचे पांगलो. तरी जुनं कुणी भेटलं की बोलणं फिरून फिरून माझ्या कांड्यांवर येतं. चांगल्या जमलेल्या कांड्या कुणालाच आठवत नाहीत. जिथे जिथे माझी मान खाली गेली, तेवढंच सगळ्यांना तोंडपाठ. असे किस्से आपण कुठे जमवतो? ते आपोआप साठतात, आणि सांभाळतात मात्र दुसरेच.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. माझ्या धाकट्या वैजूला दूध पचायचं नाही. कुल्फी बंद, आइस्क्रीम बंद. बाहेरच्या गारेगारने घसा बसायचा. म्हणून मी घरीच बर्फाच्या कांड्या करायला लागले. फळाचा गर, थोडी साखर, चिमूटभर मीठ. दुधाचा थेंब नाही, रंग नाही.

*

सुरुवातीला साचे नव्हते. स्टीलच्या पेल्यांत कलिंगडाचा रस ओतायचा आणि जरा धरला की मधोमध चमचा खोचायचा.

एका रविवारी माझ्या नणंदेला, लताला, बघायला पेणची मंडळी आली. पोहे बशांत भरले आणि लक्षात आलं, घरातले झाडून सगळे चमचे फ्रीजरमध्ये! शेजारी मागायला जायचं तर पाहुण्यांसमोरूनच जावं लागणार.

"आता काय, हाताने खा म्हणून सांगायचं?" सासूबाई पुटपुटल्या.

शेवटी लताच ट्रे घेऊन बाहेर गेली. प्रत्येकाला पोह्यांची बशी, आणि शेजारी चमच्यासकट कलिंगडाचा लाल गोळा. "आधी हे संपवा, मग चमचा मिळेल," ती म्हणाली. मी आत कपाळाला हात लावून बसले.

मुलाने गोळा संपवला, चमचा चाटला आणि पोह्यांकडे न बघता विचारलं, "अजून एक चमचा मिळेल का?"

लता अजून पेणलाच असते.

*

आमच्या ह्यांना फुशारकीची भारी हौस. ऑफिसात सांगून ठेवलं, "उद्या घरची नॅचरल मँगो कांडी आणतो." कांड्या थर्मासात भरून नेल्या. नेमका पळस्प्याच्या फाट्यावर ट्रक आडवा झालेला, एसटी उन्हात ताटकळली. ऑफिसात झाकण उघडलं तर आत आमरस, आणि त्यात तरंगणाऱ्या काड्या.

ह्यांनी मुकाट्याने तो कपांत ओतला आणि प्रत्येक कपात एकेक काडी ठेवली.

"काडी कशाला?" साहेबांनी विचारलं.

"ढवळायला, सर."

*

शाळेच्या पहिल्या दिवशी वैजू रडायला लागली म्हणून सकाळीच तिच्या हातात जांभळाची कांडी दिली. वर्गाच्या दाराशी बाईंनी तिचं तोंड पाहिलं आणि मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "घरात शाई उघडी ठेवता का?"

नाही म्हणायला मी तोंड उघडलं. माझीही जीभ जांभळी होती.

*

खालच्या मजल्यावर जोशीकाकू राहायच्या. सोवळं-ओवळं कडक, पण नवं काही चाखायची आवड. त्यांना करवंदाची कांडी दिली. करवंदाला चीक असतो, हे मी विसरले. काकूंनी कचकन चावा घेतला, कांडी ओढली, आणि वरची कवळी कांडीबरोबर बाहेर आली. जिन्यात बिल्डिंगमधल्या अर्ध्या बायका उभ्या. मला कुठे बघावं कळेना.

काकूंनी पदर तोंडाला लावला आणि पदराआडून म्हणाल्या, "चव चांगली आहे गं. पण सोडत नाही."

*

चैत्रातल्या हळदीकुंकवाला पन्ह्याच्या कांड्या करते, असं मी सगळीकडे सांगून बसले. आदल्या दुपारी फ्रीज बंद पडला. मेकॅनिक येऊन गेला, म्हणाला, दोन दिवस लागतील.

समोरच्या नजमाभाभींचे मिस्टर दुबईला होते. त्यांच्याकडे डबल डोअरचा फ्रीज. काही न विचारता त्यांनी मासळीचे डबे एका बाजूला सारले, खाली स्वच्छ फडकं अंथरलं आणि माझे साचे ठेवले.

"भाभी, कुणाला बोलू नका हां," त्या म्हणाल्या. "खामखा बायकांच्या मनात येईल."

मी लगेच मान डोलावली. घरी आल्यावर त्या 'लगेच'चीच लाज वाटत राहिली. त्यांना असं म्हणावं लागलं, आणि मला ते बरंच वाटलं होतं.

हळदीकुंकवाला नजमाभाभींनाही बोलावलं होतं. त्या दाराजवळच्या खुर्चीत अवघडून बसल्या. जोशीकाकूंनी कांडी घेतली, हुंगली, आणि शेवटपर्यंत खाल्ली. मग म्हणाल्या, "सुनंदा, तुझा फ्रीज बंद आहे ना? मेकॅनिक मलाच मजला विचारून वर आला. मग ह्या कुठे गोठवल्यास?"

नजमाभाभींनी मान खाली घातली.

"नजमाभाभींकडे," मी म्हटलं.

काकूंनी काडी बशीत ठेवली. पदराला हात पुसले आणि दाराकडे वळून म्हणाल्या, "नजमा, उद्या माझं पन्ह्याचं पातेलंही तुझ्याकडेच ठेवीन म्हणते. हिच्या फ्रीजला लसणीचा वास येतो."