पाठ सरळ ठेवण्याचं शास्त्र

वजन उचलताना पाठ सरळ ठेवावी, हे शिकवण्याचा मला पगार मिळतो. खामगावच्या एका कारखान्यात मी कामगारांना पेटी कशी उचलायची ते दाखवतो. (पेटी रिकामी असते.)

भाचीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी धामणगाव बढ्याला, ताईच्या दारात गव्हाचे कट्टे उतरत होते. हमाल रहीमचाचा कमरेत वाकून कट्टा पाठीवर घेत आणि चालू लागत. चाळीस वर्षं हेच काम. माझ्या विद्येला ते बघवेना.

"चाचा, थांबा. कंबर नाही, गुडघे वाकवायचे."

"मंग साहेब, कट्टा पाठीवर कसा येईन?"

"पाठीवर घ्यायचाच नाही. पोटाशी धरायचा. बघा."

अख्खा मांडव गोळा झाला. मी पाय फाकवले, गुडघे वाकवले, पन्नास किलोला मिठी मारली आणि खरोखर उठलो! तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण "उचलल्यावर कमरेत कधीही वळायचं नाही" हे सांगताना सगळ्यांचं लक्ष आहे ना, ते बघायला मी वळलो.

कट्टा खाली आणि मी अर्धा. मला फक्त लोकांच्या चपला दिसत होत्या.

ताई आली. "काऊन रे वाकला? काय पडलं तुहं?"

"उसण भरली, ताई. सरळ होता येऊन नाही राह्यलं."

"अन् उद्या मामा म्हणून पोरीच्या मागं कोण उभं राह्यते?"

मला रडूच आलं. चिऊ पाळण्यात होती तेव्हापासून मी या दिवसाची वाट पाहत होतो.

"पायाळू माणसाची लात पायजे," चाचा म्हणाले. "जो पायाकून जलमला, त्याच्या लातीनं उसण उतरते."

"आपली चिऊच पायाळू हाय की!" ताई म्हणाली.

मी शास्त्रीय विरोध केला, पण वाकलेल्या माणसाचं कोण ऐकतो? नवरी हळदीतून उठून आली.

"मामा, मले कसंतरीच वाटून राह्यलं," म्हणत ती आधी माझ्या पाया पडली. मग लाथ मारली. (संस्कार उत्तम. नेमही.)

कड्‌ आवाज झाला आणि मी सरळ झालो. उसण उतरली की मी घाबरलो, ते अजून ठरलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मंगलाष्टकांना मी चिऊच्या मागे ताठ उभा होतो. डोळ्यांतलं पाणी पुसायलाही वाकलो नाही. शेजारून व्याही कौतुकानं म्हणाले, "मामाची पाठ पाहा कशी हाय. कंपनीत शिकले असतीन."

"शास्त्र आहे त्याचं," मी गंभीरपणे म्हणालो.

अंतरपाटाआड नवरीला इतकं हसू फुटलं, की भटजींना ते मंगलाष्टक पुन्हा पहिल्यापासून म्हणावं लागलं.