मंजूने खोडलेली दया

आज सकाळी मंजू गेली आणि दुपारपर्यंत तीन जणांनी तिला 'बिचारी' म्हटलं.

तिसऱ्याशी मी भांडलो. तो माझा चुलतभाऊच, त्यामुळे भांडण घरगुती धरावं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : मंजुळा ही माझी शाळेतली वर्गमैत्रीण. तारकर्लीची. अंगणवाडी सेविका. आणि एका कादंबरीची लेखिका.

एकाच. पण आमच्या बाकी अख्ख्या वर्गाने मिळून तेवढीही लिहिलेली नाही.

कादंबरी तिच्याच लहानपणाची. बाप समुद्रात बुडालेला, आई सुकी मासळी विकणारी, घर झावळांचं. आणि तेरा वर्षांची एक मुलगी, जिला काही झालं तरी शाळा सोडायची नाही.

हस्तलिखित पहिल्यांदा वाचलं मी. मी पडलो वार्ताहर, त्यात वडिलांनी लहानपणी संस्कृत घोकून घेतलेलं. म्हणजे दुसऱ्याच्या लिखाणात कुठला रस कमी पडतो हे सांगायचा परवाना जन्मजात.

त्यात एक प्रसंग आहे. मुलगी सकाळी रापणीवर जाते. रापण म्हणजे माणसांच्या दोन रांगांनी किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. तिथला रिवाज सरळ : दोराला ज्याचा हात लागला, त्याला मासळीचा वाटा.

पुरुष तिला हटकतात. "गो चेडवा, हात सोलटतले. घराक जा."

"सोलटांदेत."

आणि ती ओढते. जाळं वाळूला लागतं, वाटे पडतात. कोणीतरी कुरकुरतं, तेव्हा म्हातारा रापणकार म्हणतो, "दोराक हात लायल्यान ना? मगे वाटो तिचो."

चार बांगडे. दोन घरी. दोन वाण्याकडे, वहीच्या बदल्यात.

मी समासात लाल पेनाने लिहिलं : 'करुण रस उणा. वाट्याऐवजी म्हाताऱ्याने दया येऊन बांगडे द्यावेत. वाचक रडेल.'

दुसऱ्या दिवशी बाईसाहेब हस्तलिखित घेऊन माझ्या ऑफिसात हजर.

"शास्त्र्या, ह्या तू लिवलंस?"

"हो. परिणाम वाढेल जरा."

"तुमच्या घराक शिधो. आमच्या घराक वाटो. फरक कळता तुका?"

आमचं भिक्षुकाचं घर. डाळ-तांदळाचा शिधा आपल्या पायांनी दारात यायचा आणि आणणारा वर नमस्कारही करून जायचा. चार बांगड्यांसाठी हाताची सालटी निघतात, हे मला ठाऊक असायचं कारणच नव्हतं.

"पण मंजू, वाचकाला कीव..."

"कीव नको माका. ती वही माजी होती. मी ओढून हाडलंय."

तिने माझंच लाल पेन उचललं आणि माझ्यासमोर 'दया' खोडली. इतकी, की कागद फाटला.

मग पुण्याचे एक प्रकाशक. फोन स्पीकरवर, मी शेजारी. मंजूचं सरकारी कचेरीतलं मराठी सुरू.

"मॅडम, लिखाण छान आहे. पण शेवटी मुलीने शाळा सोडली तर? जास्त रिअलिस्टिक वाटेल."

"सर, मी सोडली नाही ना."

"अहो, पण ही कादंबरी आहे."

"म्हणून तर थोडं कमी सांगितलंय."

हस्तलिखित परत आलं. नंतर अजून दोन ठिकाणांहून परत आलं. सगळ्यांना गरिबी पसंत होती. मुलगी तेवढी फार खुशीत वाटत होती.

मी, नेहमीच्या शहाणपणाने, म्हटलं, "शेवट बदल एकदाचा. पुस्तक तरी निघेल."

"मगे ता माजा ऱ्हवतला?"

सहा वर्षं थांबली. रोज अंगणवाडीतल्या पोरांना खिचडी वाढत, गाणी म्हणत थांबली. शेवटी कुडाळच्या एका छोट्या प्रकाशकाने आहे तशीच छापली. 'आहे तशीच' हे तिने मला फोनवर तीनदा सांगितलं.

पुस्तक निघाल्यावर आमच्या जुन्या शाळेने बोलावलं. हेडमास्तरांनी 'अत्यंत हलाखीच्या परिस्थितीतून' असं सुरू केलं. मंजू छताच्या पंख्याकडे बघत बसली.

मग सातवीतली एक मुलगी उठली. "बाई, वहीक बांगड्याचो वास इलो नाय?"

"इलो तर! पोरांनी माका बाकावरसून उठवन खिडकेकडे बसयल्यानी." मंजू थांबली. "थंय उजेड बरो होतो."

सगळा वर्ग हसला.

तिला उठवणाऱ्या त्या पोरांत एक मी होतो. मी जरा उशिरा हसलो.

आज निधनाची बातमी मीच पाठवली. डेस्कवरून फोन. "सर, हेडिंग करतो, 'गरिबीशी झुंज अखेर संपली'."

म्हटलं, "ती झुंज तिने आठवीतच संपवली. आज ती किडनीच्या आजाराने गेली. 'कादंबरीकार मंजुळा यांचे निधन' एवढंच लावा."

"थोडं इमोशनल केलं असतं..."

"नको. मी एकदा करून बघितलंय."

दुपारी तिच्या घरी गेलो. घर आता चिऱ्याचं आहे, तिनेच बांधलेलं. ओसरीवर तिची आई बसली होती, ऐंशीच्या पुढची, ताठ. शेजारची एक बाई तिच्या गळ्यात पडून रडायला लागली. "गरिबाचा चेडू गो, गेला..."

म्हातारीने तिचे हात हळूच बाजूला केले.

"गरीब मी होतंय. ता लेखक होता."

 

कादंबरीकार मंजुळा हिला आदराने शेवटचा नमस्कार.