आधी खोड सांगा

"खोड काय होती त्यांची?"

मेडिकलच्या काउंटरवर कुणी उरलेल्या औषधांची पिशवी ठेवली की आमच्या मॅडम आधी हे विचारायच्या. तुमच्या घरातलं कुणी गेलं असेल तर ही पिशवी तुम्हीही पाहिली असेल. बीपीच्या अर्ध्या पट्ट्या, न उघडलेलं इन्शुलिन, एखादी नळी. घरातलं कुणीतरी ती घेऊन येतं आणि "हे परत होईल का?" असं हळू आवाजात विचारतं, जसं काही त्याचंच चुकलंय.

एकदा अर्धापूरचा एक केळीवाला आला होता. वडील गेले होते. मॅडमचा प्रश्न ऐकून तो बघतच राहिला.

"खोड?"

"हाव. गुण समदेच सांगतेत. तुम्ही खोड सांगा."

त्यानं डोकं खाजवलं. "लई चिकट होता बाप. टॉर्चचे सेल संपले की उन्हात वाळू घालायचा. म्हणायचा, अजून जीव हाय त्यात." तो हसला, आणि हसता हसता त्याचा चेहरा वाकडा झाला. मॅडमनी लगेच पाठ फिरवली आणि त्या रॅकवरचे डबे सरळ करू लागल्या. त्याचं रडणं आटोपेपर्यंत डबे सरळ करणं चाललं होतं.

नांदेडच्या त्या दुकानात मी फार्मसिस्ट म्हणून लागले तेव्हा मला हे सगळं विचित्र वाटलं होतं. मॅडम मूळच्या इराणच्या, शिराजजवळच्या. फार्मसी शिकायला पुण्यात आल्या, तिथं नांदेडचा एक इंजिनिअर मुलगा भेटला, आणि त्या इकडच्याच झाल्या. मराठी त्या सासूकडून शिकल्या, तेही अर्धापूरच्या मळ्यात. मी लातूरच्या इंग्रजी शाळेतली. मी गिऱ्हाइकाला "कृपया थोडा वेळ थांबा" म्हटलं की त्या चष्म्यावरून बघायच्या. "पोरी, तू बोलून राहिलीस का बातम्या देऊन राहिलीस?"

मी फारसं बोलतच नसे. ते त्यांना चालत होतं.

गुरुवारी त्या स्टीलच्या डब्यात हलवा आणायच्या. कणीक तुपात गडद होईपर्यंत भाजलेली, त्यात केशर आणि गुलाबपाणी, वर चमच्याच्या टोकानं काढलेली वेलबुट्टी. पहिल्यांदा त्यांनी डबा पुढे केला तेव्हा ती नक्षी बघून मी म्हणाले, "अभिनंदन मॅडम! कशाबद्दल?"

त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि त्या पोट धरून हसल्या.

"बराबर बोललीस. हा मेलेल्या माणसाचा हलवा हाय, आमच्याकडं गुरुवारी करतेत. माझ्या भावाचा."

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. त्यांनी माझ्या हातात चमचा दिला. "शरमू नको. आमच्याकडं तसंच म्हणतेत. इराकशी लढाई होती तवा पोरगं शहीद झालं की लोक घरी यायचे अन् एका दमात दोन गोष्टी बोलायचे. तबरीक म्हणजे अभिनंदन, अन् तसलियत म्हणजे सांत्वन. आधी अभिनंदन. माझ्या आईला रडू बी दिलं न्हाई. शहिदाची माँ रडती का, म्हणे."

पुढच्या गुरुवारी थोडं आणखी कळलं. भावाचं चित्र गावातल्या एका भिंतीवर काढलं होतं, दोन मजले उंच. लग्नानंतर त्या माहेरी गेल्या तेव्हा ते बघायला गेल्या.

"दाढी काढली होती त्याला. मिशी बी धड फुटली नव्हती त्याची! अन् एक कान बाहेर होता, मी ओढून ओढून केलेला. भिंतीवर दोन्ही कान सारखे." त्यांनी चमचा डब्यात ठेवला. "मला रडूच येईना, पोरी. मी त्या माणसाला वळखतच नव्हते."

आता त्यांचं माहेर जगभर विखुरलंय. एक भाची कॅनडात, दुसऱ्या भावाचा मुलगा जर्मनीत, थोरली बहीण अजून तिकडंच. अलीकडे तिकडे सरकारविरुद्ध रस्त्यावर उतरलेली तरुण पोरं मारली गेली तेव्हा मॅडमचा फोन दिवसभर वाजायचा. भाचा म्हणायचा, खरे शहीद ही पोरं. काकांना तर सरकारनं वापरलं, ते चित्र पुसून टाका. बहीण म्हणायची, माझ्या भावाला हात लावू नका. मॅडम दोघांचंही ऐकून घ्यायच्या. मारल्या गेलेल्या पोरांसाठीही त्यांनी हलवा केला. त्या दिवशी डबा मोठा होता.

"तुमचा भाऊ कुणाच्या बाजूचा होता, मॅडम?" मी विचारलं.

"माझ्या सायकलची हवा सोडायचा. शाळेला उशीर व्हायचा, अन् हा दारात उभा राहून दात काढायचा." त्या डब्याचं झाकण लावत म्हणाल्या, "खोड कुणी भिंतीवर काढत न्हाई. म्हणून ती घरच्यांपाशी राहाते."

माझ्या घरचं मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. लातूरजवळच्या मुरुडला आमच्या घराला सगळे शहिदाचं घर म्हणतात. माझा दादा फौजेत होता. तो तिरंग्यात गुंडाळून आला त्या दिवशी गावभर त्याचे फ्लेक्स लागले, घोषणा झाल्या. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात कुणीतरी आईला म्हणालं, "वीरमाता रडत नसते." आई तेव्हापासून रडलीच नाही. मी नांदेडला नोकरी धरली ती एवढ्यासाठीच, की इथं मी कुणाची बहीण नव्हते.

एक दिवस मुरुडचा माणूस खोकल्याचं औषध घ्यायला आला. "अरे, तुम्ही त्या शहीद जवानाच्या बहीण ना!" त्यानं कडक सलाम ठोकला आणि सेल्फीसाठी मोबाईल काढला. मी मागे सरकले. मॅडम मध्ये येऊन उभ्या राहिल्या. "दोन चमचे, जेवल्यावर. अन् थंड पाणी बंद. चला."

मला वाटलं, आता त्या विचारतील. सगळ्या गावाला विचारणाऱ्या मॅडमनी मला काहीही विचारलं नाही. फक्त गुरुवारी दोन डबे आणले आणि एक माझ्यापुढे सरकवला. "हा तुझ्या भावाचा. घाई न्हाई."

नंतर मुरुडच्या चौकात दादाचा अर्धपुतळा बसवायचं ठरलं. बहिणीनं दोन शब्द बोलावेत असा गावाचा आग्रह होता. मी भाषण पाठ केलं आणि दुपारी दुकान रिकामं असताना मॅडमना म्हणून दाखवलं. वीर होता, अमर होता, अभिमान होता. त्या शेवटपर्यंत ऐकत राहिल्या.

"चांगलं हाय. भिंतीसारखं हाय," त्या म्हणाल्या. मग अगदी हळू, "खोड काय होती?"

मी भाषणाच्या कागदाची घडी केली. मग म्हणाले, "दुधावरची साय खायचा. आणि मांजरानं खाल्ली म्हणायचा."

"मग?"

"आमच्याकडे मांजर नव्हतं."

मॅडम हसल्या आणि त्यांनी पाठ फिरवली. रॅकवरच्या डब्यांचा आवाज बराच वेळ येत होता. मी काउंटरवर डोकं ठेवून, आवाज करून रडले. दादा गेल्यानंतर पहिल्यांदाच.

चौकात माझ्या हातात माइक आला तेव्हा पाठ केलेलं भाषण मी म्हटलंच नाही. सायीचं सांगितलं. पुढाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. तेवढ्यात खुर्चीतून आईचा आवाज आला, "अन् मिशीला लागलेली असायची मेल्याच्या!" ती पदर तोंडाला लावून हसू लागली. त्या हसण्याचं रडणं कधी झालं ते आम्हालाही कळलं नाही. कुणी तिला थांबवायला आलं, तर मी त्यांना हातानंच थांबवलं.

हे मी मॅडमना सांगितलं तेव्हा त्यांनी आईसाठी हलव्याचा डबा भरून दिला. मला त्यांचे आभार मानायचे होते. इंग्रजीत सोपं गेलं असतं, मराठीत धीर झाला नाही. "पोहोचलं, पोहोचलं," त्या म्हणाल्या, आणि एका म्हाताऱ्याची चिठ्ठी वाचू लागल्या.

गेल्या थंडीत त्या गेल्या. आजार थोड्याच दिवसांचा. त्यांना इथंच दफन केलं, अर्धापूरच्या कबरस्तानात, सासूच्या शेजारी.

महिन्याभरानं साहेब, म्हणजे त्यांचे मिस्टर, दुकानात आले. मालक असूनही काउंटरच्या बाहेरच उभे राहिले. हातात औषधांची पिशवी. "बेटा, हे परत होतंय का?"

मी पिशवी घेतली. काउंटरवर ठेवून विचारलं.

"साहेब, खोड काय होती त्यांची?"

त्यांनी पिशवीकडे पाहिलं. मग मिशीतल्या मिशीत हसले. "भांडण झालं की फारसीत बोलायची. चाळीस वर्षांचा संसार केला, पण ती काय म्हणायची ते मला कधी कळलं न्हाई. विचारलं तर सांगायची न्हाई."

"शिव्या असतील."

"शिव्याच असतील," ते म्हणाले. "आता घरात लई मराठी झालंय, बेटा."

त्यांनी चष्मा काढला. मी पाठ फिरवली आणि रॅकवरचे डबे सरळ करू लागले. सरळच होते ते.