उन्हात न दिसणारा आकडा

फुलसिंग पावरा पाच कोसांवरचा धूर ओळखायचा. मोहाखालचा पाला जाळला की धूर पांढरट निघतो, आळसावल्यासारखा. गवत पेटलं तर पिवळसर. बांबूत आग शिरली की काळा धूर खांबासारखा उभा राहतो. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. सत्तावीस उन्हाळे तो सातपुड्याच्या एकाच टोकावर, पत्र्याच्या टेहळणी चौकीत बसत आला होता. जवळचं मात्र आता दिसेनासं झालं होतं. पायात काटा मोडला की पाय बायकोपुढे, रेवाबाईपुढे धरावा लागे.

जुन्या वायरलेस सेटला जवळचे डोळे लागत नसत. त्याच्या डोक्यावर एक बटण होतं. डावीकडे पिळत नेलं की ते शेवटी टणकन अडायचं. तिथून मोजायचं. एक खट्ट, पहिलं घर. दुसरी खट्ट, दुसरं घर. चॅनलला सगळे वनमजूर घरच म्हणत. धूर डोळ्यांत गेला असला तरी बोटांना घर सापडायचं.

फेब्रुवारीत नवे सेट आले. वनपाल हेमकांत, खाली कळसाडीचा, पेढे वाटावेत तसे ते वाटत चढून आला.

"फुलसिंगदादा, हाऊ देखा. मोबाइलसारखा रंगीत पडदा शे."

पडद्यावर खात्याचं चिन्ह होतं, तारीख होती, बॅटरीचं चित्र होतं. मधोमध मोठ्या इंग्रजी अक्षरांत चॅनलचं नाव. पण नावाला जागा आठच अक्षरांची, आणि सोळाही घरांची नावं विभागाच्या नावानं सुरू होणारी. म्हणून कुठल्याही घरात गेलं तरी मधोमध तेच लिहिलेलं. खरा फरक आकड्याचा, आणि तो कोपऱ्यात, बॅटरीच्या चित्राला चिकटून, साबुदाण्याएवढा. चार-पाच श्वासांत पडद्याचा उजेड जाई. भर उन्हात त्यात स्वतःचंच तोंड दिसे.

"साहेब, आकडा मोठा करता येत नाही का?"

"कंपनीना सेट शे दादा, आपला हातमा काय शे?" हेमकांत हसला. "चष्मा ल्या ना एक."

नवं बटण गोल फिरतं, कुठंच अडत नाही, हे त्यानं सांगितलं नाही. फुलसिंगला ते आठवड्याभरानं कळलं. त्याच्या हाताला मात्र कळलं नाही.

एप्रिलमधल्या त्या दिवशी आग पश्चिमेकडून चढत होती. फुलसिंगचा भाचा ईश्वर चार माणसं घेऊन दरीत उतरला होता. त्यांतली एक आशा, चौकीजवळच्याच पाड्यातली. खिंडीतलं गवत कापून जाळरेषा रुंद करायची आणि दुपारी डोंगराच्या धारेवरच्या पायवाटेनं वर, गाडीपाशी यायचं, असं ठरलं होतं.

"मामा, दरीत ऑफिसचं घर पोचत नाही," ईश्वर निघताना पावरी बोलीत म्हणाला होता. "पाचव्या घरात ये. आणि वर गार वारा आहे म्हणून झोपू नको."

"तुझ्या जन्माआधीपासून जागाय मी इथं."

दुपारी बाराच्या सुमारास वारा फिरला. फुलसिंगनं तो आधी मानेवर ओळखला. मग त्याला दिसलं ते असं: आगीची एक ठिणगी खिंड ओलांडून धारेच्या पलीकडच्या गवतात पडली. आधी चुलीएवढी. मग खळ्याएवढी. मग ती पायवाटेकडे पसरू लागली. मधल्या टेकाडामुळे दरीतल्या पाच जणांना ती दिसणं शक्य नव्हतं. त्यांना फक्त मागची, पश्चिमेची आग दिसत होती, आणि तिच्यापासून दूर म्हणून ते याच पायवाटेला लागणार होते. वाचायचं तर पूर्वेच्या कोरड्या नाल्यानं खाली, उघड्या कातळावर.

त्यानं सेट उचलला. सकाळपासून तो ऑफिसच्या घरात होता. हातानं सत्तावीस वर्षांच्या सवयीनं बटण डावीकडे शेवटपर्यंत पिळलं आणि मग पाच खट्ट मोजल्या.

"ईश्वर, वर येऊ नको. नाल्यानं उतर. ऐकतोस का? ओव्हर."

नुसती खरखर. त्यानं पुन्हा हाक मारली, आणि मग बोटं बटणावरच थांबली. डावीकडे शेवट नव्हताच. बटण फिरत गेलं होतं आणि त्यानं कुठून तरी मोजलं होतं.

तो सेट तोंडाजवळ घेऊन वाकला. पडद्यात एक म्हातारा बाप्या आणि पांढरं आभाळ. डोक्यावरचं पागोटं सोडून त्यानं सेटवर धरलं, त्यात तोंड खुपसलं. उजेड विझला. अंगठ्यानं दाबून पुन्हा लावला. कोपऱ्यात काहीतरी वळवळलं. पाच असेल. सहा असेल. आठसुद्धा असेल. सेट लांब धरला तर आकडा बारीक, जवळ आणला तर त्याचा धूर. उजेड पुन्हा विझला.

पागोट्याबाहेर डोकं काढलं तेव्हा आग पायवाटेपासून दोन शेतांवर होती. ओरडून उपयोग नव्हता, वारा उलटा होता. धावून उतरायला पाऊण तास.

मग त्यानं पडद्याकडे बघणं सोडलं. घरं सोळाच होती. एक खट्ट, एक वाक्य, तीन श्वास थांबायचं, पुढची खट्ट.

"ईश्वर, वर येऊ नको, नाल्यानं कातळावर जा."

खरखर. खट्ट. तेच वाक्य. खट्ट. कुणीतरी दुसऱ्याच रेंजमधला वनमजूर पाण्याच्या टँकरबद्दल भांडत होता. खट्ट. ऑफिसात वायरलेसवर बसणारी कोकिळा दचकून म्हणाली, "कोन बोली ऱ्हायना? नाव सांगा, ओव्हर." एरवी त्यानं मुकाट्यानं नाव सांगितलं असतं. खट्ट. वाक्य आता त्याच्या तोंडात दगडासारखं झालं होतं. आग पायवाटेच्या वळणाला लागली. खट्ट. खरखर. खट्ट.

"मामा? कुठं होतास तू?"

फुलसिंगचा हात बटणावरून असा सुटला, जणू ते तापलं होतं.

"कुठायस?"

"पायवाटेवर. अर्धी चढलो."

"मागे फीर. नाल्यात उतर."

"मागे तर आग आहे!"

"मागची तुला दिसते. पुढची मला दिसते. फीर म्हणतो ना, गाढवा!"

सेट गप्प झाला. टेकाडावर धुराचा पडदा आला आणि दरी गेली. फुलसिंग उभा राहिला. वाऱ्याच्या एका झोतात धूर फाटला. कातळावर एक माणूस. दोन. तीन. मग बराच वेळ कुणीच नाही. मग ईश्वर दिसला, पाठीवर आशाला घेतलेला, वाकत, अडखळत.

"पाच," सेटमधून आवाज आला. "आशाचा पाय मुरगळलाय, थोडा भाजलाय. आता कुठून निघू?"

"बसा तिथंच. हलू नका. मी सांगतो."

त्यानं सेट पत्र्याच्या सावलीत दगडावर उभा ठेवला. हे पाचवं घर एवढं ईश्वरच्या आवाजावरून कळलं होतं, पण बटणावर ते कुठं, हे बोटांना अजूनही माहीत नव्हतं. एक धक्का लागला असता तर ते घर पुन्हा शोधावं लागलं असतं, आणि खाली आग अजून फिरत होती. तो सेटच्या दोन्ही बाजूंना तळवे धरून, न टेकवता, बसून राहिला. पाण्याची बाटली हातभर लांब होती. त्यानं ती घेतली नाही. बोलायचं असेल तेव्हा फक्त एक बोट बाजूच्या कळीवर न्यायचा. नाल्याच्या खालच्या अंगाचा धूर विरला तेव्हा त्यानं पाचही जणांना तिकडून हळूहळू चालायला लावलं.

दीड तासानं हेमकांत धापा टाकत चढून आला. तोंड लाल झालेलं.

"दादा, कवयपाईन बलाई ऱ्हायनू तुमले! ऑफिसना चॅनलवर का नही येत?" तो म्हणाला आणि सेटकडे हात केला.

फुलसिंगनं त्याचं मनगट धरलं. साहेबाच्या अंगाला त्यानं आजवर कधी हात लावला नव्हता.

"हात लावू नका, साहेब," तो म्हणाला. "ते अजून चालतायत."