जांभळीची जया

जयाला गप्प बसवून दाखवा, अशी पैज त्या कारखान्यात कोणी लावत नाही. हरणारच ना! आनंद झाला की ही ओरडते, राग आला की ओरडते, आणि एखादी गोष्ट कळली तर विचारूच नका, अर्धी कळली असतानाच ओरडायला लागते. सव्वीस वर्षांची पोरगी, सिंदेवाहीकडच्या एका तलावकाठच्या गावची, घर मासेमारीचं. तिची आई इंदिराबाई सगळ्यांना सांगायची, "इले डोंग्यात बसवून नेलं का मासे पयलेच पळून जात. म्हनून चंद्रपूरले धाडली."

तर हा कारखाना चंद्रपूरच्या एमआयडीसीतला. तांदळाच्या पिशव्या छापायचा. कुरखेड्यापासून मूलपर्यंतच्या गिरण्यांचा तांदूळ ज्या रंगीत प्लास्टिकच्या पिशव्यांतून दुकानात जातो ना, त्या. आता प्लास्टिक ही काय चीज आहे ते ज्यानं त्याच्यावर कधी पेनानं नाव लिहून पाहिलंय त्याला विचारा. शाई धरतच नाही! कमळाच्या पानावर पाणी टाकलं की थेंब कसा गोल होऊन घरंगळतो, तसंच ह्याचं. कोणाला अंगाला लागू देईल तर शपथ.

म्हणून छपाईच्या आधी ते प्लास्टिक एका मशीनमधून काढतात. रबर चढवलेला मोठा ड्रम, त्याच्यावर जरासं अंतर सोडून पोलादी पट्टी, आणि त्या पट्टीत एवढा जबर करंट की मधली हवाच पेटून उठते. जाळ नाही, धूर नाही, नुसता जांभळा उजेड, सर्र असा आवाज, आणि वीज कडाडून गेल्यावर येतो तसला वास. शिकलेले लोक त्या पेटल्या हवेला प्लाझ्मा म्हणतात. तिच्या खालून प्लास्टिक सरकलं की त्याची वरची कातडी बदलते. वरची म्हणजे अगदी वरची, डोळ्याला दिसणार नाही, बोटाला कळणार नाही इतकी. पण बदलते. मग त्याच प्लास्टिकवर पाण्याचा थेंब टाका, पसरतो. शाई टाका, धरून बसते. कामगारांनी त्या मशीनचं नाव ठेवलं होतं जांभळी.

ह्या जांभळीवर जयाचा जीव. लागली होती पॅकिंगला, पण जेवणाची सुट्टी झाली की डबा हातात घेऊन ती जांभळीपाशी. तिथे बापूजी असायचे. कारखाना सुरू झाला तेव्हापासूनचे, अकरा वर्षं ऑपरेटर, ह्या महिन्याअखेरीस घरी बसणार होते. घास तोंडात आणि हिचं सुरू. उजेड जांभळाच काऊन? थेंब पसरला तं काय कळते? दोन दिस ठेवलेलं प्लास्टिक पुन्हा शाई काऊन नाई धरत?

"अवं, जेवू देशीन का नाई मले?" बापूजी करवादायचे. पण सांगायचे सगळं. थेंब टाकून कसं पाहायचं ते शिकवलं. छापून झाल्यावर चिकटपट्टी लावून झटक्यात कशी ओढायची तेही शिकवलं. पट्टी कोरी निघाली तर रील, म्हणजे प्लास्टिकची ती अख्खी गुंडाळी, पास. पट्टीबरोबर रंग आला तर अख्खं रील भंगारात. हिवाळ्यात काही रीलं अशी जायचीच, आणि दोष शाईला मिळायचा. सकाळी मशीन चालू करायच्या आधी ड्रमच्या पुढच्या लोखंडी रोलरला तळहात लावून तो हात कपाळी न्यायचा, तेही त्यांनीच शिकवलं. ज्याच्यावर पोट भरतं त्याच्या पाया पडावं, एवढं साधं.

कारखान्याचे मालक गोपालभाऊ. माणूस वाईट नाही, पण जीभ तिखट. बापूजींनी जयाचं नाव पुढं केलं तेव्हा त्यांनी एक आठवडा दिला. "हप्ताभर जांभळी तुयाकडं. सारे रील पास झाले तं बापूजीच्या जागेवर तू. नाई झाले तं नागपूरहून दुसरा ऑपरेटर येऊन राह्यला, अन् तू परत पॅकिंगले."

रविवारी जयाला जेवण गेलं नाही. तिला ती जागा हवी होती, आणि हवी म्हणजे कशी? लहान लेकराला जत्रेतली पिपाणी हवी असते तशी. पॅकिंगमध्ये पिशव्यांच्या गड्ड्या बांधत म्हातारं व्हायचं आणि पलीकडं जांभळीवर दुसरंच कोणी बसलेलं पाहायचं, हा विचारच तिला सोसवत नव्हता.

सोमवार उजाडला. पहिलं रील निघालं. जयानं पट्टी लावली, ओढली, आणि पट्टीबरोबर हिरवा रंग सोलून आला.

माय वो! दुसऱ्या ठिकाणी लावली, ठीक. पुढं लावली, पुन्हा रंग. सारख्या सारख्या अंतरावर एकेक डाग, तिथं शाईनं धरलंच नव्हतं. मंगळवारी तेच, बुधवारी तेच. सकाळची रीलं बाद, दुपारची चांगली. जयानं करंट वाढवून पाहिला, कमी करून पाहिला, पोलादी पट्टी घासली, बापूजींनीही डोकं लावलं. काही नाही. गुरुवारी सकाळी पुन्हा डाग आले तेव्हा गोपालभाऊंनी मशीन बंद ठेवून नागपूरहून इंजिनीयर बोलावला.

निकेश सर आले. तरणेच होते, कामाचे होते, उगाच भाव खाणारे नव्हते. डाग पाहिले आणि म्हणाले, "ड्रमचं रबर एका जागी गेलंय. ड्रम फिरला की ती जागा परत परत येते, म्हणून सारख्या अंतरावर डाग. नवा ड्रम मागवावा लागेल."

"घ्या!" गोपालभाऊ म्हणाले. "अकरा वर्सं चालला, अन् हिच्या हाती दिला तं चार दिसात गेला."

सगळे जयाकडं बघायला लागले. जयाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण डोकं मात्र दुसरीकडंच पळत होतं. "सर, ड्रमचं रबर सकाळी गेलेलं असते तं दुपारी कसं बरं होते जी? झोप काढून येते का?"

निकेश सरांना हसू आलं. "दुपारी गरम होऊन फुगत असेल."

असेल! 'असेल' म्हटलं की जयाचं समाधान होत नाही, ती पोरगीच तशी. ती खाली बसली आणि रीलवरचं डागाडागातलं अंतर हातानं मोजायला लागली. त्यांच्या घरी जाळं असंच मोजतात, कोपरापासून बोटापर्यंत एक हात, मग वरची बोटं. एक हात चार बोटं. पुढचं? एक हात चार बोटं. मग सुतळी आणून ड्रमभोवती गुंडाळली. भरले जवळपास तीन हात.

"सर! जमत नाई जी! ड्रम तीन हाताचा, अन् डाग एका हातावर!"

निकेश सर जवळ आले. जया आता कोणाचं ऐकत नव्हती. प्लास्टिक ज्या ज्या रोलरवरून जातं त्या प्रत्येकाला तिनं सुतळी गुंडाळली. पहिला बारका निघाला. शेवटचा मोठा. मधला, ड्रमच्या लगेच पुढचा, गुंडाळला, सुतळी उलगडून हातावर धरली. एक हात, एक दोन तीन चार बोटं!

"हाच! हाच हाय भामटा!" ती किंचाळली.

पण रोलर तर लखलखीत. ओरखडा नाही, खळगा नाही. निकेश सरांनी टॉर्च मारून पाहिला, बोट फिरवून पाहिलं, काही सापडेना. जयाचा जीव कासावीस झाला. इतक्या जवळ येऊन हातचं सुटतं की काय! आणि तेवढ्यात बापूजींनी नेहमीच्या सवयीनं चष्मा काढून काचेवर तोंडाची वाफ सोडली.

जयानं पाहिलं. तिनं छपाईच्या आधीचं, जांभळीखालून निघून मधल्या रोलरवरून पुढं आलेलं प्लास्टिक ओढलं आणि त्याच्यावर पोटातून हाऽऽ करून वाफ सोडली. वाफ पसरली, प्लास्टिक साफ राहिलं. सरकत सरकत ती वाफ सोडत गेली. साफ, साफ, साफ... आणि एका जागी वाफ पसरेना, पांढरं धुकं धरलं. तिनं अजून वाफ सोडली. धुक्याला बोटं फुटली. पाच बोटं, मध्ये तळवा.

"हात! हात हाय जी हा! या, पाहा, सापडला! मानसाचा हात हाय!"

पॅकिंगमधल्या बायासुद्धा धावत आल्या. गोपालभाऊ वाकून बघायला लागले. "खरंच की बे! कोनाचा हाये हा हात?"

आणि जयानं, त्याच आनंदात, त्याच उड्या मारण्यात, आपला उजवा पंजा त्या पांढऱ्या पंजावर ठेवला. बोटाला बोट बसलं. लहानपणी डोंगा उलटून मोडलेली करंगळी आत वळलेली होती, तीही तंतोतंत बसली.

"माहा!" ती ओरडली.

आणि मग आपण काय बोललो ते तिला ऐकू आलं.

आता सांगायला काही उरलंच नव्हतं, तरी तिनं सांगितलं. थंडीचे दिवस, हात फुटतात, म्हणून ती रोज सकाळी टोरीचं तेल चोपडून यायची. मोहाच्या बियांचं घट्ट तेल, इंदिराबाईनं स्वतः गाळून दिलेलं. तोच हात रोलरला लावून पाया पडायची. जांभळीनं जी कातडी बदलून दिली तिच्यावर तो रोलर दर फेऱ्याला तेलाचा पंजा उमटवायचा. दुपारपर्यंत तेल झिजायचं, डाग थांबायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा नमस्कार.

"म्हंजे चार दिसाचा माल," गोपालभाऊ एकेक शब्द चावत म्हणाले, "तुया हातानं गेला."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बाई गं, गप्प बसली असतीस तर नवा ड्रम आला असता, तो बसवताना रोलर आपोआप पुसला गेला असता, कोणाला पत्ता लागला नसता. हे जयालाही तेव्हाच कळलं. ती म्हणाली, "हो जी. माह्याच हातानं. पन ड्रम नका बदलवू, भाऊ. ड्रम चांगला हाय." एवढं बोलून ती स्वतःच पॅकिंगच्या दिशेनं निघाली.

"थांब वं," बापूजी म्हणाले.

त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि मालकासमोर येऊन उभे राहिले. "गोपालभाऊ, दर हिवाळ्यात आपले रील बाद होतेत. खरं का खोटं?"

"होतेत."

"रोलरले हात लावून पाया पडाले हिले मीच शिकवलं. अकरा वर्सं मी लावून राह्यलो. अन् थंडीत तेल मी बी लावतो." म्हाताऱ्यानं आपलाही तळहात पुढं केला. "चार दिस हिचे असतीन. बाकीचे हिवाळे माहे हायेत."

दोन आठवड्यांनी ज्याच्या गळ्यात निरोपाचा हार पडायचा होता, तो माणूस हे सगळ्यांसमोर बोलला. जया मागं फिरली आणि त्यांचा हात धरून उभी राहिली. दोघंही रडत होती.

गोपालभाऊ तिथंच एका रीलवर बसले. मग एकदम कपाळावर हात मारला. "अकरा वर्सं मी शाईले दोष देऊन राह्यलो! शाईवाल्याले भर बाजारात चोर म्हटलं मी. शाळेतला दोस्त माहा, दोन वर्सं झाली, तोंड पाह्यलं नाई त्याचं!"

काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय! निकेश सरांनी तोवर रोलर स्पिरिटनं पुसून काढला होता. जयानं साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, हातमोजे चढवले आणि बटण दाबलं. सर्र करून जांभळा उजेड पेटला. प्लास्टिक धावायला लागलं, हिरवा रंग, पिवळा रंग, भाताच्या लोंबीचं चित्र. रील निघालं. पट्टी ओढायला गोपालभाऊ स्वतः वाकले. ओढली, कोरी! पुढं ओढली, कोरी! वीस जागी ओढली, वीसही कोऱ्या! बायांनी टाळ्या वाजवल्या, निकेश सर हसत हसत सामान भरायला लागले, आणि जया बापूजींना धरून नाचायचीच बाकी होती.

गोपालभाऊंनी फोन काढला आणि कारखान्याच्या दारात जाऊन उभे राहिले. मशीनचा आवाज एवढा, की त्यांना ओरडूनच बोलावं लागत होतं आणि आत सगळ्यांना ऐकू जात होतं.

"मी गोपाल बोलून राह्यलो... ठेवू नको बे, आइकून घे. तुयी शाई चांगली होती. माहीच चूक झाली, माफ कर मले." मग पलीकडचं बोलणं ते मान खाली घालून ऐकत होते. "कोनं सांगतलं म्हंजे? अरे, आमच्या ऑपरेटरनं शोधून काढलं. नाई, बापूजी नाई. नवी हाय. जया नाव हाय तिचं."